पिसाला मोड नाही

शहापुरात, रेवणकरांच्या पेढीवर
मी काचेच्या कपाटावर ठेवते एक गुंडाळी.
सोनं नाही, म्हणते, झोप आहे.
तेवढं वजन करून द्या.

घरचा काटा पीठ ओळखतो,
ग्रॅम ओळखत नाही.

रेवणकर चष्मा कपाळावर नेतात,
पोराला पंखा बंद करायला लावतात,
मंगळसूत्र तोलताना करतात तसंच.
सातशे बेचाळीस.
"आत काय घातलंय?"
बदकाची पिसं.
"बाई, ह्याला मोड नाही हं."

दुसरी पिशवी होती, कृत्रिम धाग्याची,
एक किलो शंभर,
भिजली तरी ऊब सोडत नाही म्हणे.
पिसं भिजली की गोळा होतात
पावसात सापडलेल्या कोंबडीसारखी.
आठवडाभर दोन्ही पलंगावर उघड्या टाकून
मी आळीपाळीनं आत शिरले,
पंखा पाचवर.
एप्रिलमधल्या बेळगावात घामानं काय कळणार?

ऑफिसात दुंडाप्पा म्हणाला,
"बेडशीट साकु, मॅडम. मे महिन्यात कसली थंडी!"
तो कणकुंबीच्या वरच्या माळावर
पहाटे तीनला कधी जागा नव्हता.
मी होते. सत्तावीस वर्षांची,
एका शालीत, दात वाजवत.
आता एकावन्न. गुडघे दर शंभर ग्रॅमला
वेगळी तक्रार लिहून देतात.

पिसं घेतली.
मग पिसांना कोरडं ठेवणारं कवच हवं:
तंबू नको, बिव्ही,
एकाच देहाची, सुरवंटाच्या कोशाएवढी.
दुकानातली एक तीनशे दहा ग्रॅमची,
पण सगळीकडून बंद. त्यात आपलाच श्वास
पाणी होऊन आपल्यावर ठिबकतो.
दुसरी जाळीवाली, किंमत ऐकून
मी दुकानदाराला पाणी मागितलं.

म्हणून कॅम्पात, मकतुमसाबकडे.
पंचवीस वर्षं फौजींच्या वर्द्या शिवलेला माणूस.
पॅराशूटचं कापड त्यानं बोटांत चुरगाळलं,
कानाशी नेऊन ऐकलं.
"उभं माप चालायचं नाही, आडव्या व्हा की."
दुकानातल्या चिंध्या बाजूला सारून
मी फरशीवर निजले. डोकं ते टाच, खांदा ते खांदा.
"असलं माप आम्ही फक्त..."
म्हणाला, आणि दोरा दातानं तोडला.
नंतर बराच वेळ मशीनच चाललं.

पायाशी चार बोटं त्यानं जास्त सोडली.
तोंडावर जाळी.
पैसे घेण्याआधी मला आत घालून
चेन बाहेरून लावली, आणि म्हणाला,
"आता तुम्ही उघडा. आतनं."
उघडली.
"बरं झालं. आतनं उघडायला पायजे."
तीनशे पंच्याण्णव ग्रॅम.

मेच्या दुसऱ्या शनिवारी तो माळ.
करवंदांनी काळी झालेली बोटं,
दूर कुठल्या तरी फणसाखाली
अस्वलाचं असेल नसेल असं काहीतरी हुंगणं.
एक वाजेपर्यंत उकाडा: पिसं पायांवरच, उलगडलेल्या पोथीसारखी.
खिशातला फोन दर थोड्या वेळानं थरथरायचा,
गोव्यात आपलं स्वागत आहे,
महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे,
कर्नाटकक्के सुस्वागत.
मी फक्त कूस बदलली होती.

मग तीन.
घाटाखालून धुकं वर आलं,
गवताला, दगडाला, जाळीला हात लावत.
मी चेन हनुवटीपर्यंत ओढली
आणि पिसं हळूहळू फुगली,
आधी पाठ, मग गुडघे,
मग त्या सत्तावीस वर्षांच्या मुलीचे दात थांबले.

जाळीला माझ्याच श्वासाचे थेंब.
एक नाकावर पडला. पुसला नाही.

सोमवारी ऑफिसला जाताना पुन्हा रेवणकरांकडे.
सहज, म्हटलं, करा की एकदा.
सातशे सत्तर.
त्यांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
वजनमापाचा शिक्का अंगठ्यानं पुसला.
"पोरा," म्हणाले,
"पंखा बंद हाय न्हवं? बघ."